टाकीतला प्राणवायू

पैनगंगेच्या काठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि पाणी मुरूच देत नाही. किनवट भागात सेप्टिक टँकमागचा शोषखड्डा पावसाळ्यात तुंबला, तर कारण बहुधा हेच. शेजारच्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं शोषखड्डे घेऊन डास हटवले, पण तिथं मुरवलं ते न्हाणी-मोरीचं पाणी. संडासाच्या टाकीतलं पाणी कितीतरी जास्त दूषित. जमीन ते घेत नसेल तर टाकीतच शुद्ध करावं लागतं, आणि त्याला हवा लागते.

साध्या टाकीतले जिवाणू प्राणवायूविना जगतात, मैला अर्धवट कुजवतात. हायड्रोजन सल्फाइडची दुर्गंधी त्यांचीच. हवा सोडली की प्राणवायूवर जगणारे जिवाणू वाढतात आणि तेच काम झपाट्यानं, पुरतं करतात. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी हे दाखवलं. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले.

घरगुती टाकीला मत्स्यपेटीत असतो त्याच जातीचा, पण मोठा हवापंप लागतो. ६० वॅटचा पंप अखंड चालला तर महिन्याला ४३ युनिट जळतात. बिलासाठी तो रात्री बंद ठेवणं मला अजिबात पटत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर नाहीच: २० अंशांना लिटरभर पाण्यात ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांना जेमतेम ७; आणि उष्म्यानं जिवाणूंची गरज उलट वाढते. वीज गेली तरी एवढा भार घरचा इन्व्हर्टर सहज पेलतो.

वास आला की मेकॅनिकला बोलावण्याआधी बटण पाहा, मग पंपाची जाळी. धुळीनं ती बुजते, पंप तापतो, आतला रबरी पडदा लवकर फाटतो. तरी बुडबुडे नसतील तर पंपापाशी नळी सोडवून तोंडाशी हात धरा. हवा जोरात आली तर टाकीतला डिफ्युझर (हवेचे बुडबुडे करणारा भाग) किंवा मधली नळी चोंदली आहे. मंद आली तर पडदा गेला, तो बदलून मिळतो. पंप पाण्याच्या पातळीच्या वर, सावलीत हवा. खाली असेल तर वीज जाताच घाण पाणी नळीतून उलटं पंपात शिरू शकतं. संडासात फिनाईल, अ‍ॅसिड ओतू नका, जिवाणू मरतात.

डिफ्युझर साफ करायला कुणालाही टाकीत उतरवू नका. आतला वायू क्षणात जीव घेतो, आणि सुरक्षासाधनांविना माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. डिफ्युझर नळीसकट वर ओढता येईल अशी जोडणी टाकी बसवतानाच मागून घ्या.