लाल पोशाखाचे गुण

मुष्टियुद्ध, कुस्ती किंवा तायक्वांदोत एका खेळाडूला लाल, दुसऱ्याला निळा पोशाख मिळतो. निवड त्यांच्या हाती नसते. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमधल्या अशा लढती रसेल हिल आणि रॉबर्ट बार्टन या संशोधकांनी तपासल्या, तेव्हा सुमारे 55 टक्के लढती लाल बाजूने जिंकल्याचे दिसले. तुल्यबळांत हा कल ठळक होता, एकतर्फी लढतींत जवळजवळ नव्हताच. कच्च्या मल्लाला रंग तारत नाही.

लाल रंगाने प्रतिस्पर्धी दबतो, असा पहिला तर्क होता. पण 2008 मध्ये जर्मन संशोधकांनी 42 पंचांना तायक्वांदोच्या चित्रफिती दाखवल्या. मग संगणकावर रंगांची अदलाबदल करून त्याच पुन्हा दाखवल्या. खेळ तोच, लाथा त्याच, तरी लाल खेळाडूला सरासरी 13 टक्के जास्त गुण! मला हा पुरावा अधिक बोलका वाटतो.

रंगाने प्रतिस्पर्ध्याला नमवण्याचा प्रयत्न मैदानाबाहेरही झाला आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचे प्रशिक्षक हेडन फ्राय यांनी पाहुण्या फुटबॉल संघाची खोली चक्क गुलाबी रंगवून घेतली होती. फ्राय मानसशास्त्राचे पदवीधर. पण त्यांच्या विजयांचे श्रेय भिंतींना देणे धाडसाचेच.

पंचांच्या नजरेचे म्हणाल, तर तायक्वांदोत 2012 च्या लंडन ऑलिंपिकपासून धडावरच्या लाथांची नोंद छातीकवचातले सेन्सर करतात, आणि त्यांना रंग दिसत नाही.