मोटारीच्या ब्रेक-यंत्रणेतील दूषण : दुरुस्ती की बदल?

प्रस्तावना :
मोटारीच्या ब्रेकमधील द्रवास आपल्याकडे सर्रास ‘ब्रेक ऑइल’ असे म्हटले जाते. वस्तुतः बहुतेक मोटारींतील हा द्रव तेल नसून ग्लायकॉल-ईथर वर्गातील रसायन होय. नावातील ही ढिलाई भाषिकदृष्ट्या क्षुल्लक वाटते. परंतु ‘ऑइल कमी झाले आहे’ एवढे ऐकून कोणी टाकीत इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचे तेल ओतले, तर तिची किंमत मोजावी लागते. अशा वेळी कोणते भाग स्वच्छ करून वापरता येतात व कोणते बदलणे अपरिहार्य असते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

द्रवाचे दूषण :
ब्रेकमधील रबरी सील प्रामुख्याने ईपीडीएम या रबराचे असतात. हे रबर ग्लायकॉल द्रवात वर्षानुवर्षे टिकते. मात्र खनिज तेलाचा स्पर्श होताच ते तेल शोषून फुगते व मऊ पडते. मास्टर सिलिंडरमध्ये पेडल सोडल्यानंतर दाब टाकीकडे परत जावा म्हणून एक बारीक छिद्र ठेवलेले असते. फुगलेले सील या छिद्रावर येऊन बसले की दाब आतच कोंडला जातो. परिणामी पाय काढल्यावरही ब्रेक लागलेलेच राहतात, चाके तापतात, तापल्याने द्रव प्रसरण पावतो आणि पकड अधिकच घट्ट होते. वाहन थांबत नाही अशी तक्रार येथे प्रारंभी येत नाही. वाहन जड चालते, अशी येते. त्यामुळे निदान चुकते.

टाकीच्या झाकणातील रबर फुगून वेडेवाकडे झालेले दिसणे, ही पहिली खूण होय. पेलाभर पाण्यात द्रवाचे थेंब टाकूनही पाहता येते. ग्लायकॉल पाण्यात मिसळतो, तेल तरंगते.

तेल ओतल्यानंतर पेडल एकदाही दाबले नसेल, तर टाकी उतरवून साफ करण्यावर भागण्याची शक्यता असते, कारण तेल हलके असल्याने वरच राहते. तेल पुढे गेले असल्यास मात्र केवळ द्रव बदलणे निरुपयोगी ठरते. मास्टर सिलिंडर, कॅलिपर, व्हील सिलिंडर यांची रबर किट व सर्व होज बदलावे लागतात. धातूच्या नळ्या धुऊन, कोरड्या करून वापरता येतात. भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक आहे. त्याच्या हायड्रॉलिक युनिटमधील सील सुटे मिळत नसल्याने ते युनिटच बदलावे लागते, आणि बिलातील मोठा आकडा बहुधा तोच असतो. अनेक गाड्यांत क्लचलाही याच टाकीतून द्रव जातो, ही गोष्ट हमखास विसरली जाते.

गॅरेजमध्ये उघडलेले भाग डिझेल किंवा पेट्रोलमध्ये बुडवून धुण्याची सवय हेही याच दूषणाचे कारण आहे. दुरुस्तीनेच बिघाड आणण्याचा हा प्रकार म्हणावा लागेल.

पाणी हे दुसरे दूषक. हा द्रव हवेतील बाष्प शोषतो. डॉट ४ द्रवाचा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २३०°, तर सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यावर किमान १५५° सेल्सिअस अपेक्षित असतो. दमट कोकणातून घाट उतरणाऱ्या वाहनास हा फरक जाणवू शकतो. येथे उपाय सोपा आहे : द्रव ठरावीक मुदतीत, साधारणतः दोन वर्षांनी, बदलावा.

घर्षण-पृष्ठांचे दूषण :
डिस्क ही बिडाची असल्याने ब्रेक क्लीनरने पुसून पुन्हा वापरता येते. पॅड व लायनर यांचे तसे नाही. ते सच्छिद्र असतात व तेल आत मुरते. घासकागद फिरविल्यास वरचा थर जातो. पुढील उतारावर उष्णतेने आतील तेल पुन्हा वर येते. ज्योतीने जाळून तेल काढण्याची पद्धत त्याहून घातक, कारण पॅडचे कण बांधून ठेवणारे रेझिनच त्यात करपते. म्हणून तेल मुरलेले पॅड बदलावेतच, आणि एकाच चाकाचे न बदलता त्या आसाच्या दोन्ही चाकांचे बदलावेत. अन्यथा दोन्ही बाजूंची पकड असमान राहून ब्रेक दाबताच गाडी अधिक पकड असलेल्या बाजूस ओढली जाते.

तत्पूर्वी गळती कोठून झाली, व्हील सिलिंडरमधून की आसाच्या ऑइल सीलमधून, हे शोधणे आवश्यक आहे. नवे पॅड बसविल्यावरही गाडी एकीकडे ओढत असेल, तर गळती सुरूच आहे किंवा कॅलिपरचा पिस्टन अडकला आहे, असे समजून चाक पुन्हा उघडावे.