नोर्ग्येलिंग तिबेटी वसाहत

नोर्ग्येलिंग ही महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगड-गोठणगाव परिसरात असलेली तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिची स्थापना १९७२ मध्ये झाली. गाढवी नदीवरील इटियाडोह धरण येथून जवळ आहे. स्थापनेच्या वेळी हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तरी तिबेटी लोकांत ही वसाहत आजही ‘भंडारा’ या नावाने ओळखली जाते.

== पार्श्वभूमी ==
मार्च १९५९ मध्ये ल्हासातील उठाव चिनी सैन्याने मोडून काढला. चौदावे दलाई लामा भारतात आश्रयाला आले व त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले. आरंभी अनेकांनी हिमालयातील रस्तेबांधणीवर मजुरी केली. पुढे केंद्र शासनाने राज्यांच्या साहाय्याने त्यांच्यासाठी शेतीप्रधान वसाहती उभारल्या. कर्नाटकातील बैलकुप्पे, छत्तीसगडमधील मैनपाट आणि ओडिशातील चंद्रगिरी या त्यांपैकी प्रमुख होत. नोर्ग्येलिंग याच मालिकेतील आहे.

== जनजीवन ==
थंड पठारावरून आलेल्या या समाजाने येथे भातशेती स्वीकारली. हिवाळ्यात अनेक कुटुंबे शहरांत जाऊन लोकरी कपडे विकतात. वसाहतीत बौद्ध मठ आहे. लोसार हे तिबेटी नववर्ष आणि ६ जुलै हा दलाई लामांचा जन्मदिन येथे साजरा होतो. १० मार्च रोजी १९५९ च्या उठावाचे स्मरण केले जाते. वसाहतीचा अंतर्गत कारभार धरमशाला येथील केंद्रीय तिबेटी प्रशासनाने नेमलेला अधिकारी पाहतो.

== नागरिकत्वाचा प्रश्न ==
निर्वासितांना परदेशी नागरिक म्हणून नोंदणीपत्र मिळते व त्याचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते. मात्र नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने भारतीय ठरते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे तत्त्व तिबेटींनाही लागू केले. त्यामुळे एकाच घरातील थोरले भावंड कायद्याने भारतीय आणि धाकटे परदेशी, असे घडू शकते.

२०१७ मध्ये भारतीय पारपत्र मागणाऱ्या तिबेटींना नोंदणीपत्र परत करण्याची व वसाहतीतील वास्तव्य सोडण्याची अट घालण्यात आली. नागरिकत्व घेतल्यास तिबेटवरील आपला हक्क दुबळा होईल, असेही अनेकांना वाटते. दुसरीकडे, शिक्षण व रोजगारासाठी तरुण मोठ्या शहरांत किंवा परदेशी जात असल्याने भारतातील तिबेटी वसाहतींची लोकसंख्या घटत आहे. शेती आणि मठ पुढे कोण सांभाळणार, हा या वसाहतींपुढील मुख्य प्रश्न आहे.