जुन्या यंत्राला नवा रंग

आपल्या घरांतील कपाटे उघडून पाहिली, तर उत्तम चालणारी, परंतु जुनी दिसतात म्हणून बाजूला पडलेली कितीतरी यंत्रे सापडतील. आमच्या कपाटातून मुलाच्या बालपणीचा ‘गेम बॉय’ निघाला. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८९ साली हे हातात मावणारे खेळयंत्र बाजारात आणले. त्यामागील अभियंते गुनपेई योकोई यांचे धोरण कोणाही व्यापाऱ्याला पटावे असे होते : महागड्या नव्या तंत्रामागे न धावता स्वस्त, पारखलेल्या तंत्राचा नवा उपयोग शोधावा. चार पेन्सिल सेलवर ते तासन्‌तास चालत असे.

आमच्या यंत्राचे करडे कवच पिवळे पडले होते. नातवाला नवे यंत्र हवे होते. त्याला म्हटले, “आधी याला रंग देऊन पाहू, मग ठरवू.”

कृती सोपी आहे. मात्र घाई चालत नाही. सेल काढून कवच उघडावे. त्याचे स्क्रू तीन पाकळ्यांचे असल्याने तसाच पेचकस लागतो. आतील पट्टी, बटणे व पडद्याची काच वेगळी ठेवावी. रिकामे कवच साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, बारीक पॉलिश पेपरने हलके घासावे, म्हणजे रंग धरून राहतो. त्यावर प्लास्टिकसाठीचा प्रायमर आणि मग स्प्रेने रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. बटणांच्या छिद्रांत रंग साचला, तर बटणे अडकतात. शेवटी पारदर्शक थर देऊन काही दिवस सुकू द्यावे. हे काम मोकळ्या हवेत, मास्क लावून व विस्तवापासून दूर करावे.

आपल्या घरांत आणखी थोडा विवेक हवा. चपडा लाखेच्या किड्यांपासून मिळतो, आणि लाखेचा व्यापार श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत मोडतो. म्हणून चपड्याऐवजी ॲक्रिलिक थर घ्यावा. ब्रश वापरायचा, तर प्राण्यांच्या केसांचा नको, नायलॉनचा घ्यावा. दिव्याच्या उजेडात काम केल्यास ओल्या रंगाला बारीक जीव चिकटतात. म्हणून ते दिवसा करावे आणि सुकणारे कवच झाकून ठेवावे. चातुर्मासात तर थांबणेच बरे. तेव्हा जीवोत्पत्ती अधिक असते आणि दमट हवेत रंगावर पांढुरकी झाकही येते.

नातवाने पहिला हात जाड दिला, ओघळ आले. पुन्हा घासून पुन्हा रंगवावे लागले. पुढची बाजू गडद निळी झाली. मागची बाजू घासायला घेतली, तेव्हा तिथे कर्कटकाने कोरलेले वेडेवाकडे नाव दिसले. ते त्याच्या वडिलांचे होते. तेव्हा मी रागावलो होतो, तेही आठवले. नातू क्षणभर थांबला आणि म्हणाला, “आजोबा, ही बाजू अशीच राहू द्या.”

आता यंत्र पुढून निळे आणि मागून पिवळट आहे. संध्याकाळी बाप-लेक आळीपाळीने खेळतात. नव्या यंत्राचा विषय अद्याप निघालेला नाही.

अपरिग्रह म्हणजे मुलांना ‘नाही’ म्हणणे, असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. घरात आहे त्याची किंमत त्यांना स्वतःच्या हातांनी कळू देणे, हाही त्याचाच एक भाग असावा.