राखीव वन आणि संरक्षित वन: फरक कुठे आहे?

२५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेरला, अक्कादेवीच्या डोंगरावर, जंगल सत्याग्रहासाठी जमलेल्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. नाग्या महादू कातकरी आणि त्यांचे सोबती हुतात्मा झाले. सत्याग्रही जो कायदा मोडत होते, तो १९२७ चा भारतीय वन कायदा आजही लागू आहे. डोंगराच्या कडेला राहणाऱ्यांचं रोजचं जगणं त्यातल्या दोन इंग्रजी शब्दांवर ठरतं: ‘रिझर्व्ड’ आणि ‘प्रोटेक्टेड’. मराठीत राखीव वन आणि संरक्षित वन.

गैरसमज असा की दोन्ही एकच. फार तर ‘संरक्षित’ जास्त कडक. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. राखीव वनात परवानगी नसेल तर सगळंच मना. कलम २६ नुसार विनापरवाना आत शिरणं, गुरं चारणं, झाड तोडणं, दगड काढणं, वनातली वस्तू नेणं, हे सारे गुन्हे. संरक्षित वनात जे मना केलेलं नाही, ते करता येतं. म्हणजे गुरं घेऊन आलेल्या माणसाला राखीव वनात परवानगी दाखवावी लागते. संरक्षित वनात मनाईचा नियम वनखात्याला दाखवावा लागतो. महाराष्ट्रातली बहुतेक वनजमीन राखीव आहे, म्हणून हा फरक फार महागात पडतो.

‘राखीव’ म्हणजे गावासाठी राखलेलं, असंही काहींना वाटतं. ते सरकारसाठी राखलेलं असतं. वन राखीव करताना लोकांचे दावे मागवतात, त्यासाठी किमान तीन महिने देतात. मुदतीत दावा न आलेला आणि चौकशीतही न सापडलेला हक्क कलम ९ नुसार संपतो. पिढ्यान्‌पिढ्या गवत कापणाऱ्याचा हक्क एका चुकलेल्या मुदतीने जावा, हे मला या कायद्यातलं सर्वांत कठोर कलम वाटतं.

संरक्षित वनात मात्र सगळी मोकळीक, हेही खरं नाही. सरकार तिथली ठरावीक झाडं राखीव करू शकतं, एखादा भाग तीस वर्षांपर्यंत बंद करू शकतं. मूळ कायद्यात दोन्हीकडची शिक्षा सारखीच होती: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

संरक्षित वन म्हणजे अभयारण्यही नव्हे. पनवेलजवळच्या कर्नाळ्यासारखी अभयारण्यं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात. त्या कायद्यातलं ‘संरक्षित क्षेत्र’ वेगळं, हे ‘संरक्षित वन’ वेगळं.

सर्वांत जास्त नुकसान करणारा समज शेवटचा: जंगल राखीव आहे, मग आपला दावा चालणारच नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने राखीव, संरक्षित, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान अशी सगळी वनजमीन आपल्या कक्षेत घेतली आहे. जमीन कसण्याच्या हक्कासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा लागतो. हा कायदा गौण वनोपजावरही हक्क देतो. त्यात बांबू, मध, कंद येतात. इमारती लाकूड येत नाही. दाव्याची सुरुवात वनखात्याच्या कचेरीत नव्हे, ग्रामसभेत होते.