ओडी थकली तरी दंड परत मागता येतो

तुळशीबागेतला एखादा दुकानदार दिवाळीचा माल भरायला ओव्हरड्राफ्ट (ओडी) घेतो. समजा, पासबुकात अचानक ५९० रुपयांची नोंद दिसते : ५०० दंड, वर १८ टक्के जीएसटी. आकारणी चुकीची वाटते, पण बँकेचंच देणं असताना तक्रार कोणत्या तोंडानं करायची?

हा संकोच अनाठायी आहे. कर्ज फेडणं ही ग्राहकाची जबाबदारी, तर नियमबाह्य आकारणी परत करणं ही बँकेची. परतावा ओडी खात्यातच जमा झाला, तर हातात रोकड येत नाही. पण बाकी घटते आणि त्या दिवसापासून तेवढ्यावरचं व्याजही थांबतं.

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकानुसार, कर्जाच्या अटी मोडल्याबद्दलचा दंड मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावता येत नाही. बचत खात्यात किमान शिल्लक नसल्याचा दंड खातं उणे करू शकत नाही, हा नियम १ एप्रिल २०१५पासून आहे.

आधी शाखेत लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. तोवर हप्ते मात्र चुकवू नयेत.