केटल घेताना वायरही पाहा

इलेक्ट्रिक केटल घ्यायला आलेले गिऱ्हाईक दोन गोष्टी विचारते: किती लिटरची आणि केवढ्याला. वायर किती लांब आहे, हे फारसे कोणी विचारत नाही. घरात लहान मूल असेल, तर तोच प्रश्न आधी विचारायला हवा.

वर्ष-दीड वर्षाचे मूल हाताला लागेल ते धरून उभे राहते. ओट्यावरून लोंबणारी वायर त्याने ओढली, की उकळते पाणी पडते ते चेहरा, मान आणि छातीवर. या वयात त्वचा पातळ असते, त्यामुळे भाजणे खोलवर जाते. लिटरभर पाण्याने एवढ्याशा शरीराचा मोठा भाग पोळतो. शिवाय केटल बंद केल्यावरही पाणी बराच वेळ कढत असते. गॅससारखी ज्योत दिसत नाही, त्यामुळे मोठ्यांनाही ते जाणवत नाही.

म्हणून वायर आखूड हवी, उरलेली बैठकीखाली गुंडाळता येणारी. झाकण खटक्याने घट्ट बसावे. पाणी उकळल्यावर आणि भांडे रिकामे असतानाही केटल आपोआप बंद व्हावी. आतून स्टील आणि वर आयएसआय चिन्ह असावे. दुहेरी भिंतीच्या केटलला बाहेरून चटका बसत नाही. जास्तीचे पैसे द्यायचेच तर त्यासाठी द्यावेत, रंगीत दिव्यांसाठी नव्हे.

१५०० वॅटची केटल २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर वीज ओढते. घरातले लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते, एक्स्टेंशन बोर्डही बहुधा तेवढ्याचाच. तिथे लावलेला प्लग तापतो, वितळतोही. ती १६ अँपिअरच्या सॉकेटवरच चालवावी.

आता आपल्या चहाचे. केटल असते पाण्यासाठी. तिचा खटका वाफेवर चालतो: वाफेने आतली धातूची पट्टी तापून वाकते आणि वीज तुटते. दूध त्याआधीच फेसाळून चोचीतून बाहेर येते, तळाला करपते, खालच्या जोडणीवर सांडते. दुधाचा चहा पातेल्यातच करावा. कोरा चहा, कॉफी यांचे पाणी केटलमध्ये.

बोअरच्या पाण्याने तळाला बसणारा पांढरा थर क्षारांचा असतो, त्याने अपाय होत नाही. लिंबाचा रस घातलेले पाणी उकळून तासभर ठेवले की तो सुटतो.

मूल भाजलेच, तर ओले कपडे लगेच काढावेत. चिकटलेले ओढू नयेत. भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा, बाकीचे अंग पांघरुणात ठेवावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांतले काहीही लावू नये, फोड फोडू नयेत. मग धुतलेल्या सुती कापडाने सैल झाकून थेट रुग्णालय गाठावे, डाग लहान दिसत असला तरी.